फ्लशिंगचे निवेदन

फ्लशिंगचे निवेदन : क्वेकर या पाद्री न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना आसरा देण्यावरील बंदीला विरोध करण्यासाठी फ्लशिंग गावच्या रहिवाशांनी २७ डिसेंबर १६५७ रोजी लिहिलेला अर्ज. लाँग आयलंडवरचे हे गाव तेव्हा न्यू नेदरलँड या डच वसाहतीत होते. आज ते न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात येते.

वसाहतीचा कारभार डच वेस्ट इंडिया कंपनीकडे होता. कंपनीला व्यापारासाठी आणि शेतीसाठी माणसे हवी होती, पण हॉलंडमधून पुरेसे लोक येत नव्हते. म्हणून इंग्रज कुटुंबांनाही जमिनी देण्यात आल्या. १६४५ मध्ये फ्लशिंगला मिळालेल्या सनदेत हॉलंडच्या रिवाजाप्रमाणे धर्माच्या बाबतीत मोकळीक राहील, असे वचन होते. पुढे गावकऱ्यांनी याच वचनावर बोट ठेवले.

१६४७ मध्ये आलेला गव्हर्नर पीटर स्टायव्हेसंट हा पाद्र्याचा मुलगा. डच रिफॉर्म्ड चर्च या डचांच्या अधिकृत प्रोटेस्टंट पंथाखेरीज दुसरी उपासना त्याला खपत नसे. १६५४ मध्ये ब्राझीलमधील रेसिफे पोर्तुगीजांनी परत घेतल्यावर तिथून निघालेले २३ ज्यू न्यू ॲम्स्टरडॅम या वसाहतीच्या मुख्य गावी पोचले, तेव्हा त्यांना घालवून देण्याची परवानगी त्याने मागितली. कंपनीच्या भागधारकांत ज्यू होते. आपल्या गरिबांचा भार त्यांनी स्वतः उचलावा, या अटीवर कंपनीने त्यांना राहू दिले.

१६५७ च्या उन्हाळ्यात क्वेकर प्रचारक आले. त्यांच्यापैकी रॉबर्ट हॉजसन या तरुणाला हातगाडीला साखळीने जखडून मजुरीला जुंपण्यात आले. त्याने नकार दिला, तेव्हा त्याला पुन्हा पुन्हा मारहाण झाली. अखेर स्टायव्हेसंटच्या बहिणीने रदबदली केली, तेव्हा कुठे त्याची सुटका झाली. क्वेकराला एक रात्र जरी घरात ठेवले, तरी ५० पौंड दंड, असा हुकूमही निघाला.

या हुकमाला फ्लशिंगकरांनी उत्तर दिले. गावचा कारकून एडवर्ड हार्ट याने मजकूर लिहिला आणि तीसेक जणांनी त्याखाली सह्या केल्या. ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांनी खूण उमटवली. दारी आलेल्याला घालवणे आपल्या धर्माला धरून नाही, आणि हॉलंडमधली प्रेमाची व शांततेची रीत ज्यू, तुर्क आणि इजिप्शियन यांनाही लागू आहे, कारण तेही आदमचीच लेकरे, असे त्यांनी बजावले. सह्या करणाऱ्यांत एकही क्वेकर नव्हता, ही या निवेदनातली सर्वांत मोठी गोष्ट. स्वतःच्या पंथासाठी भांडणारे त्या काळी पुष्कळ होते. दुसऱ्याच्या पंथासाठी तुरुंग पत्करणारे फार थोडे.

त्याची किंमत त्यांना लगेच मोजावी लागली. निवेदन नेऊन देणारा शेरीफ टोबायस फीक पदावरून गेला आणि त्याला २०० गिल्डर (डच नाणे) दंड झाला. हार्टला काही आठवडे कोठडीत काढावे लागले. पुढे गावसभाही बंद करण्यात आली.

बंदी उठली ती जॉन बाउन या फ्लशिंगच्या रहिवाशामुळे. आपल्या घरी क्वेकरांच्या सभा भरवल्याबद्दल १६६२ मध्ये त्याला अटक झाली. दंड भरायला त्याने साफ नकार दिला, म्हणून त्याला हद्दपार केले गेले. त्याने ॲम्स्टरडॅम गाठून थेट कंपनीकडे दाद मागितली. एप्रिल १६६३ मध्ये संचालकांनी स्टायव्हेसंटला कळवले, की कडक वागण्याने वसाहतीची लोकसंख्या वाढायची थांबेल. तेव्हा शेजाऱ्याला त्रास न देणाऱ्याच्या श्रद्धेकडे डोळेझाक करावी. त्यांचे हे औदार्य बरेचसे हिशेबी होते, तरीही छळ थांबला. पुढच्याच वर्षी वसाहत इंग्रजांकडे गेली.

धर्मस्वातंत्र्याची हमी देणाऱ्या अमेरिकी राज्यघटनेच्या १७९१ मधील पहिल्या दुरुस्तीचे मूळ अनेकजण या निवेदनात पाहतात. तसा थेट धागा मात्र दाखवता येत नाही.

बाउनचे घर फ्लशिंगमध्ये अजून उभे आहे. जवळच्या एका रस्त्याला त्याचे नाव असून, १९६५ च्या अमेरिकी कायद्याने आशियातून स्थलांतर खुले झाल्यानंतर, १९७७ मध्ये, त्याच बाउन स्ट्रीटवर गणेश मंदिराची प्रतिष्ठापना झाली.