लिनक्समधील नेटवर्क कार्ड ड्रायव्हर : बिघाड आणि निदान

संगणकावर लिनक्स नव्याने टाकल्यावर केबलचे किंवा वायफायचे कार्ड चालत नसेल, तर त्याचे कारण शोधून ते सुरू करण्याची पद्धत. विंडोजची सवय असलेला माणूस अशा वेळी आधी ‘ड्रायव्हर कुठून उतरवायचा’ हे विचारतो. लिनक्समध्ये हा प्रश्न बहुधा चुकीचा ठरतो. येथे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) कर्नलबरोबरच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबरोबरच, येतात आणि मॉड्यूलच्या, म्हणजे लागेल तेव्हा कर्नलला जोडायच्या तुकड्यांच्या, रूपाने डिस्कवर आधीच पडून असतात. अडते ते पुढच्या चारपैकी एका पायरीवर : कार्ड यंत्राला दिसत नाही, दिसते पण त्याला ड्रायव्हर चिकटत नाही, ड्रायव्हर चिकटतो पण त्याला लागणारे फर्मवेअर (कार्डातल्या चिपवर चालणारे सॉफ्टवेअर) सापडत नाही, किंवा हे सगळे जागेवर असते आणि वरची व्यवस्थाच (नेट जोडणारे नेटवर्कमॅनेजरसारखे सॉफ्टवेअर) कार्डाला हात लावत नाही. आपण कोणत्या पायरीवर आहोत हे कळण्याआधी काहीही बसवायला घेतले, की एका बिघाडाचे दोन होतात.

खाली कमांड उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या छोट्या रोमन अक्षरांत टंकायच्या.

तात्पुरते नेट : नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, अशी ही गत. त्यावरचा सोपा उतारा म्हणजे अँड्रॉइड फोन. फोन यूएसबी केबलने जोडून त्यात ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केले, की लिनक्सला तो इथरनेट कार्डासारखा दिसतो. त्यासाठीचे मॉड्यूल जवळपास प्रत्येक कर्नलमध्ये असते आणि वेगळे फर्मवेअर लागत नाही. फोन स्वतः वायफायवर असला, तरी तेच नेट संगणकाला मिळते. केबल मात्र डेटा वाहणारी हवी. फक्त चार्जिंगच्या केबलवर टेदरिंगचा पर्याय फोनमध्ये मंदच राहतो.

कार्डाची ओळख : खोक्यावरचे किंवा लॅपटॉपवरच्या स्टिकरवरचे नाव फारसे उपयोगाचे नाही. एकाच नावाखाली निर्माता वेगवेगळ्या चिप घालतो. खरी ओळख म्हणजे चार-चार अंक-अक्षरांची जोडी : पहिली निर्मात्याची, दुसरी त्या चिपची. आतल्या कार्डासाठी ‘एलएसपीसीआय -एनएनके’ आणि यूएसबी डोंगलसाठी (यूएसबीत खोचायच्या छोट्या कार्डासाठी) ‘एलएसयूएसबी’ ही कमांड द्यावी. रिअलटेकच्या केबलच्या कार्डापुढे कंसात १०ईसी:८१६८ असे दिसते. ब्रॉडकॉमचा क्रमांक १४ई४, अॅथेरॉसचा १६८सी, मीडियाटेकचा १४सी३. इंटेलने आपल्या १९७८च्या प्रोसेसरचेच नाव, ८०८६, निर्माता-क्रमांक म्हणून घेतले आहे, त्यामुळे तो लक्षात ठेवावा लागत नाही.

ओळखीच्या ओळीखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ असते. निदानाची खरी किल्ली तीच. तिच्यापुढे ‘आर८१६९’ किंवा ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ असे नाव असेल, तर ड्रायव्हर चिकटलेला आहे. नवा शोधण्यात अर्थ नाही. ती ओळ नसून फक्त ‘कर्नल मॉड्यूल्स’ ही ओळ असेल, तर मॉड्यूल डिस्कवर आहे पण कार्डाला लागलेले नाही. दोन्ही ओळी नसतील, तर या कर्नलला ते कार्ड माहीतच नाही. आणि यादीत कार्डच नसेल, तर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ते बंद आहे का ते पाहावे. लॅपटॉप उघडता येत असेल, तर कार्ड खाचेत नीट बसवून पाहावे. सॉफ्टवेअरचा तिथे संबंध नाही.

फर्मवेअर : ड्रायव्हर संगणकाच्या प्रोसेसरवर चालतो, फर्मवेअर कार्डातल्या चिपवर. स्वस्त पडावे म्हणून बहुतेक वायफाय कार्डांत ते कायमचे साठवायला जागा ठेवलेली नसते. प्रत्येक वेळी ड्रायव्हरनेच ते ‘/लिब/फर्मवेअर’ या फोल्डरमधून उचलून कार्डात भरायचे. ड्रायव्हर मुक्तस्रोत असला, तरी ही फाइल निर्मात्याची बंद मालमत्ता असते, आणि घोळ तिथेच सुरू होतो. डेबियन या लिनक्स वितरणाने फेब्रुवारी २०११मधल्या ६.० आवृत्तीपासून अशा फाइली कर्नलमधून बाजूला काढल्या. पुढची बारा वर्षे डेबियनचे अधिकृत इन्स्टॉलर वायफायसमोर हात टेकत असे. २०२२मध्ये प्रकल्पाच्या सदस्यांनी मतदान करून हा निर्णय फिरवला आणि १० जून २०२३ला आलेल्या डेबियन १२पासून फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच मिळू लागले. उबुंटू या वितरणात फर्मवेअर आधीपासूनच बसवलेले असते, म्हणून तिथे ही तक्रार कमी.

फर्मवेअर नसल्याची खूण ‘डीमेसेज’च्या, म्हणजे कर्नलच्या संदेशांच्या, नोंदीत मिळते. ही कमांड डीएमईएसजी अशी लिहितात. अलीकडच्या प्रणालींत ती सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, द्यावी लागते. नोंदीत ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर’ अशी सुरुवात, मग फाइलचे नाव आणि शेवटी ‘फेल्ड विथ एरर -२’ असे असते. -२चा अर्थ फक्त ‘फाइल सापडली नाही’. इंटेलचा ड्रायव्हर एकामागून एक उतरत्या क्रमांकाच्या फाइली मागत जातो, त्यामुळे अशा पाच-सहा ओळी आल्या तरी घाबरू नये. त्यांच्याखाली ‘नो सूटेबल फर्मवेअर फाउंड’ आले, तरच अडले असे समजावे. डेबियनमध्ये इंटेलसाठी ‘फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय’, रिअलटेकसाठी ‘फर्मवेअर-रिअलटेक’ हे पॅकेज लागते. फाइल हाताने टाकली असेल, तर मॉड्यूल ‘मोडप्रोब -आर’ने (मोडप्रोब ही मॉड्यूल चढवण्या-काढण्याची कमांड) काढून पुन्हा चढवावे किंवा संगणक सरळ रीस्टार्ट करावा.

रिअलटेकच्या केबलच्या कार्डाबाबत ‘पॉसिबल मिसिंग फर्मवेअर’ अशी सूचना कर्नल अपडेटच्या वेळी येते. ती नुसती सूचना आहे. ते कार्ड बहुधा फर्मवेअरवाचूनही चालते.

कर्नलची आवृत्ती : कार्ड नवे आणि कर्नल जुना, ही जोडी नेहमी फसते. रिअलटेकचे २.५ गिगाबिटचे ८१२५ हे कार्ड कर्नल ५.४पासून ओळखले जाते. डेबियन १०चा कर्नल ४.१९ होता, म्हणून नव्या मदरबोर्डावर तिथे केबल लावूनही अंधार. इंटेलच्या एएक्स२१०ला ५.१० लागतो, मीडियाटेकच्या एमटी७९२१ला ५.१२. डेबियन ११ नेमके ५.१०वर थांबलेले, त्यामुळे मीडियाटेकवाल्यांची गाडी दोनच पायऱ्यांनी चुकली. चालू कर्नल ‘युनेम -आर’ने (यूएनएएमई असे लिहितात) कळतो. उपाय म्हणजे वितरणाच्याच भांडारातला नवा कर्नल : डेबियनमध्ये बॅकपोर्ट्स, उबुंटूच्या एलटीएस या दीर्घकाळ अपडेट मिळणाऱ्या आवृत्तीत एचडब्ल्यूई. कुठूनतरी सोर्स आणून कंपाइल करण्यापेक्षा हे दहा पटीने बरे, कारण पुढचे अपडेट आपोआप मिळत राहतात.

बाहेरचे ड्रायव्हर : तरीही काही कार्डांना कर्नलबाहेरचा ड्रायव्हर घ्यावाच लागतो. ब्रॉडकॉमच्या बऱ्याच जुन्या लॅपटॉप-कार्डांना ‘डब्ल्यूएल’ नावाचा बंद ड्रायव्हर लागतो. डेबियनमध्ये त्याचे पॅकेज ‘ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस’. त्यांतल्या काही कार्डांसाठी उलट-अभियांत्रिकीने बनवलेला मुक्त ‘बी४३’ही आहे. हे दोघे एकाच वेळी चढले, तर एकमेकांच्या पायात पाय घालतात. म्हणून पॅकेज मुक्त ड्रायव्हरांना ब्लॅकलिस्टमध्ये (आपोआप चढवू नये अशांच्या यादीत) टाकते. ‘डब्ल्यूएल’ काढून टाकल्यावर ती ब्लॅकलिस्टची फाइल ‘/ईटीसी/मोडप्रोब.डी’मध्ये मागे राहिली आहे का, हे जरूर पाहावे. मागे राहिली, तर कोणताच ड्रायव्हर चढत नाही आणि कारण सापडता सापडत नाही.

रिअलटेकच्या ८१६८चा किस्सा याच जातीचा. कर्नलमधला ‘आर८१६९’ बहुतेकांना पुरतो. काही मदरबोर्डांवर मात्र जोडणी सारखी तुटते, तेव्हा रिअलटेकचा स्वतःचा ‘आर८१६८’ वापरून पाहतात. असा बाहेरचा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा कंपाइल व्हावा लागतो. ते काम डीकेएमएस ही डेलमध्ये २००३च्या सुमारास तयार झालेली यंत्रणा करते. तिला चालू कर्नलच्याच क्रमांकाचे ‘लिनक्स-हेडर्स’ (कंपाइल करायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) लागतात. हेडर्स आले नाहीत, किंवा नव्या कर्नलमध्ये आतली फंक्शने बदलल्याने कंपाइल फसले, तर अपडेटनंतरच्या पहिल्या बूटला नेट गायब होते. अशा वेळी ग्रबच्या, म्हणजे सुरू होताना येणाऱ्या बूट-यादीच्या, ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडावा, तिथे ड्रायव्हर शाबूत असतो. मग ‘डीकेएमएस स्टेटस’ पाहून पुढचे ठरवावे.

कंपाइल झालेला ड्रायव्हरही सिक्युअर बूट (मान्य सहीचेच सॉफ्टवेअर चढू देणारी यंत्राची सोय) चालू असेल आणि त्याची सही नोंदलेली नसेल, तर चढत नाही. ‘मोडप्रोब’ दिल्यावर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असे उत्तर आले, की मॉड्यूलची सही यंत्राला मान्य नाही असे समजावे. ‘मॉकयुटिल --एसबी-स्टेट’ने (एमओकेयूटीआयएल असे लिहितात) सिक्युअर बूट चालू आहे का ते कळते. ‘मॉकयुटिल --इम्पोर्ट’ने डीकेएमएसची चावी नोंदवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा येतो; तो जेमतेम दहा सेकंद थांबतो, तेवढ्यात कोणतेही बटण दाबून ‘एनरोल मॉक’ (चावी नोंदवा) निवडायचे आणि तोच पासवर्ड द्यायचा. तेव्हा चहा आणायला उठलेल्याला सगळे पहिल्यापासून करावे लागते. हा पासवर्ड एकदाच लागतो.

ड्रायव्हर बसला, तरी नेट नाही : वायरलेस बंद आहे का हे सांगणाऱ्या ‘आरएफकिल लिस्ट’मध्ये ‘सॉफ्ट ब्लॉक्ड : येस’ असेल, तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ पुरते. ‘हार्ड ब्लॉक्ड’ असेल, तर लॅपटॉपच्या कडेचे बटण किंवा एफएन-कळ शोधावी. कमांडने ते सुटत नाही.

नेटवर्कमॅनेजरच्या ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ या कमांडमध्ये कार्डापुढे ‘अनमॅनेज्ड’ (व्यवस्थेबाहेर) दिसणे हा डेबियनचा खास आजार. इन्स्टॉल करताना ज्या कार्डावरून नेट वापरले, त्याची नोंद इन्स्टॉलर कधीकधी ‘/ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस’ या फाइलमध्ये करून ठेवतो, आणि तिथे नाव असलेल्या कार्डाला नेटवर्कमॅनेजर शिवत नाही. ‘एलओ’च्या (संगणकाच्या स्वतःशीच असलेल्या आतल्या जोडणीच्या) ओळी ठेवून त्या कार्डाच्या ओळी काढाव्यात आणि नेटवर्कमॅनेजर पुन्हा सुरू करावा. नवे कार्ड किंवा एनव्हीएमई डिस्क घातल्यावर अचानक नेट गेले, तर नाव बदलले का तेही पाहावे. ‘ईएनपी३एस०’ या कार्डाच्या नावातला ३ हा पीसीआय बसचा क्रमांक असतो. खाचांची मांडणी बदलली, की तो ४ होऊ शकतो आणि जुन्या नावाने लिहिलेली सेटिंग निरुपयोगी ठरते.

विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी असतील, तर विंडोजच्या ‘फास्ट स्टार्टअप’कडे संशयाने पाहावे. त्यात यंत्र पूर्ण बंद न होता अर्धवट झोपते, आणि कार्ड लिनक्सला त्याच अवस्थेत मिळते : केबल लावूनही पोर्टचा दिवा लागत नाही. ते वैशिष्ट्य विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये बंद करावे. तातडीचा उपाय म्हणजे संगणक बंद करून वीजेची वायर अर्धा मिनिट काढून ठेवणे.

राउटर त्याच खोलीत असूनही एकच काडी दिसते आणि कार्ड रिअलटेक ८७२३बीई आहे, तर अँटेनाची भानगड असते. काही लॅपटॉपांत कार्डाच्या दोन टोकांपैकी एकालाच अँटेनाची वायर जोडलेली असते आणि ड्रायव्हर नेमके रिकामे टोक धरतो. ‘/ईटीसी/मोडप्रोब.डी’मध्ये एक फाइल करून त्यात ‘ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=१’ ही ओळ लिहावी; फरक पडला नाही तर १च्या जागी २.

केबलवर वेग १०००ऐवजी १००च मिळत असेल, तर दोष ड्रायव्हरचा कमी आणि केबलचा जास्त. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच. केबलच्या कार्डाची स्थिती दाखवणाऱ्या ‘ईथटूल’मध्ये ‘लिंक डिटेक्टेड : नो’ आले, तर आधी केबल आणि राउटरचे पोर्ट बदलून पाहावे.

यूएसबी डोंगल : काही रिअलटेक डोंगल लावल्यावर ‘एलएसयूएसबी’त ०बीडीए:१ए२बी असा क्रमांक दिसतो आणि डेस्कटॉपवर सीडीचे चित्र येते. डोंगल तेव्हा विंडोजच्या ड्रायव्हरची सीडी असल्याचे सोंग घेऊन बसलेला असतो. ‘यूएसबी_मोडस्विच -के -व्ही ०बीडीए -पी १ए२बी’ या कमांडने ती सीडी बाहेर निघते आणि मागे दडलेले खरे कार्ड नव्या क्रमांकाने उगवते. यातला ‘के’ मोठ्या लिपीतला, बाकीची अक्षरे छोटी. ड्रायव्हर शोधायचा तो या दुसऱ्या क्रमांकासाठी.

मदत मागताना : ‘एलएसपीसीआय -एनएनके’चा कार्डापुरता भाग, ‘युनेम -आर’ आणि ‘डीमेसेज’मधल्या ड्रायव्हरच्या नावाच्या ओळी एवढे दिले, की जाणकार बहुधा पहिल्याच उत्तरात पायरी सांगतो. फोटोऐवजी मजकूर द्यावा, आणि त्यातला मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळख-क्रमांक) पुसावा. प्रणाली मराठीत बसवली असेल, तर ‘एनएमसीएलआय’सारखी साधने संदेश मराठीत देतात आणि त्या शब्दांनी शोधून काहीच हाती लागत नाही. अशा वेळी कमांडच्या आधी ‘एलसी_ऑल=सी’ लावावे. एलसी आणि ऑल दोन्ही मोठ्या लिपीत, शेवटचा सीही मोठाच. कर्नलची नोंद मात्र कोणत्याही भाषेच्या प्रणालीत इंग्रजीतच असते.