रेकॉर्डिंगमधला परका आवाज

पातळ, किनरा, किंचित गेंगाणा. स्वतःच पाठवलेली व्हॉइस नोट चुकून वाजली, की बहुतेकांच्या मनात अशीच काहीतरी विशेषणं येतात. ‘मी खरंच असा बोलतो?’ असं घरात विचारलं, तर उत्तर मिळतं, ‘हो, असाच तर बोलतोस.’ विचारणाऱ्याला धक्का बसलेला असतो आणि ऐकणाऱ्यांना त्यात काही विशेष आहे हेच कळत नाही.

यामागचं हाडांचं कारण आता पुष्कळांना ठाऊक आहे. आपला आवाज आपल्याला कवटीतूनही ऐकू येतो, म्हणून तो भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांचा हा वाटा नसतो, म्हणून तो पातळ वाटतो. हे बरोबर आहे, पण अर्धवट. शिवाय, त्यातून आवाज वेगळा का वाटतो तेवढंच कळतं. वेगळं ते नावडतं का असावं, हा प्रश्न तसाच राहतो.

आधी हाडांचं पाहू. बोलताना स्वरयंत्र थरथरतं आणि ती थरथर जबड्यात, कवटीत पसरते. तिथून ती आतल्या कानातल्या शंखाच्या आकाराच्या नळीपर्यंत, म्हणजे कॉक्लियापर्यंत, परस्पर जाऊन पोहोचते. कानाच्या डॉक्टरांकडे हे प्रत्यक्ष अनुभवता येतं. ते ट्यूनिंग फोर्क वाजवून त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवतात, तेव्हा हाडातून आलेला सूर स्वच्छ ऐकू येतो. हा हाडांचा वाटा किती, याचा शोध जॉर्ज फॉन बेकेशी यांनी घेतला. हा माणूस मूळचा बुडापेस्टचा. हंगेरीच्या टपाल खात्याच्या प्रयोगशाळेत टेलिफोनवर काम करता करता तो कानाकडे वळला आणि १९६१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. स्वतःचा आवाज हवेतून आणि हाडातून साधारण सारख्याच जोराने आपल्यापर्यंत पोहोचतो, असं त्याने १९४९ मध्ये दाखवलं.

आता ‘हाडं आवाज खर्जात नेतात’ या सरधोपट वाक्याकडे वळू. कान बोटांनी बंद करून ‘ऊ’ म्हणून पाहा. आवाज एकदम घुमतो. कानाच्या नळीच्या भिंती थरथरून आत जो ध्वनी तयार होतो, त्यातला खालच्या पट्टीचा भाग एरवी उघड्या कानातून बाहेर निसटतो. बोट घातलं की तो आत अडकतो. नवीन श्रवणयंत्र लावलेली माणसं ‘माझाच आवाज डोक्यात घुमतोय’ अशी तक्रार करतात ती याचमुळे, आणि म्हणूनच यंत्राच्या कानात बसणाऱ्या भागाला बारीक भोक ठेवतात. पण आपण एरवी उघड्या कानांनी बोलतो. अशा वेळी हाडांचं पारडं जड होतं ते मधल्या पट्ट्यात. क्रिस्टोफ पोर्शमान या जर्मन संशोधकाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत हा पट्टा साधारण ७०० ते १२०० हर्ट्झ असा आला. ‘आ’सारख्या स्वरांचा पुष्कळसा दम याच भागात असतो. म्हणजे कवटी आपल्या आवाजाला निव्वळ खर्ज जोडत नाही, त्याचा पोत बदलते.

हवेतून येणारा वाटाही बिनचूक असतो असं नाही, आणि ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. कान तोंडाच्या मागे आहेत. ‘स’, ‘श’, ‘च’ यांच्यातले तीक्ष्ण, वरच्या पट्टीचे ध्वनी तोंडातून सरळ समोर जातात. खालच्या पट्टीचे ध्वनी गालाला वळसा घालून कानापर्यंत सहज येतात. समोरच्याला आपला ‘स’ जेवढा सळसळीत ऐकू जातो, तेवढा तो आपल्याला कधीच ऐकू येत नाही. मायक्रोफोन मात्र समोरच्याच्या जागी असतो. त्यातून मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला खालचे सूर नीट वाजवता येत नाहीत, म्हणजे पातळ आवाज आणखी पातळ. हेडफोन लावून ऐकलं तर थोडा दिलासा मिळतो, पण थोडाच.

पोवाडा गाणारा शाहीर एक हात कानाशी नेतो, त्याचा संबंधही इथेच आहे. तळहाताचा आडोसा तोंडाकडे वळवला, तर समोर निघून जाणारा आवाज थोडा मागे, स्वतःच्या कानात येतो. कान झाकला तर बाहेरचा गलका कमी होतो आणि हाडातून येणारा सूर उठून दिसतो. डफ-तुणतुण्याच्या गदारोळात, ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात, आपण सुरात आहोत की नाही हे कळायला दुसरा सोपा मार्ग कुठला होता?

इथवर झाली ध्वनीची गोष्ट. पण बोलत असताना आपण स्वतःला नीट ऐकत तरी असतो का? मधल्या कानात स्टेपीडियस नावाचा स्नायू आहे, शरीरातल्या हाडांना जोडलेल्या स्नायूंमध्ये सर्वांत छोटा. तोंडातून शब्द फुटायच्या किंचित आधीच तो आवळला जातो आणि कानात शिरणारा आवाज, विशेषतः खालच्या पट्टीचा, थोडा दाबतो. मेंदू याहून पुढचं काम करतो. बोलायचा हुकूम स्नायूंना देतानाच तो त्याची सूचना श्रवणकेंद्राला देऊन ठेवतो: आता येईल तो आवाज आपलाच आहे, फार लक्ष द्यायला नको. माणूस बोलत असताना मेंदूची नोंद घेतली आणि मग त्याचंच बोलणं त्याला पुन्हा ऐकवून नोंद घेतली, तर ऐकवलेल्या वेळी श्रवणकेंद्राची प्रतिक्रिया अधिक जोरकस दिसते. आवाज तोच, पण आगाऊ सूचना नसल्याने मेंदू तो बाहेरच्या माणसाचा समजून ऐकतो आणि मग त्याला एकेक गोष्ट खुपायला लागते.

या सगळ्या बंदोबस्ताची किंमत तो बिघडल्यावर कळते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या लॉइड मायनर यांनी १९९८ मध्ये एका विकाराचं वर्णन केलं. तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानातल्या वरच्या अर्धवर्तुळाकार नळीवरचं हाड काहींच्या बाबतीत झिजलेलं किंवा भोक पडलेलं असतं. मग शरीरातले आवाज नको इतके आत पोहोचतात. स्वतःचं बोलणं गडगडाटासारखं वाटतं, आणि काही रुग्णांना तर डोळ्यांची बुबुळं फिरल्याचा आवाज येतो!

आता नावडीकडे. फिलिप हॉल्झमन आणि क्लाइड राउझी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये या विषयावर लिहिलं, तेव्हा त्यांनी फक्त ध्वनीच्या फरकावर बोट ठेवून भागणार नाही असं मांडलं. रेकॉर्डिंग ऐकताना माणसाला आपल्या आवाजात अशा गोष्टी सापडतात, ज्या सांगायचा त्याचा इरादा नव्हता: धास्ती, अनिश्चितता, एखाद्या शब्दावरचा राग, उगाच लावलेला लाडिकपणा. बोलताना आपलं लक्ष काय बोलतोय याकडे असतं. ऐकताना कसं बोललो ते उघडं पडतं. मला हे स्पष्टीकरण कवटीच्या स्पष्टीकरणापेक्षा जास्त पटतं, कारण आवाज पातळ असणं हा काही गुन्हा नाही. रेकॉर्डिंग ऐकताना जी लाज वाटते ती पातळपणाची खचितच नसावी. पुढच्याच वर्षी त्यांनी स्पॅनिश मातृभाषा असलेल्या आणि वयाच्या सोळाव्या वर्षानंतर इंग्रजी शिकलेल्या लोकांवर प्रयोग केला. त्यांना आपला इंग्रजीतला आवाज त्या मानाने कमी खटकला, मातृभाषेतला जास्त. हाडं दोन्ही वेळा तीच होती.

सवयीचाही भाग आहेच. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या मिल्वॉकी इथे काही विद्यार्थिनींना त्यांच्याच चेहऱ्याचे दोन फोटो दाखवले गेले, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखा उलटा. त्यांना स्वतःला उलटा फोटो आवडला, मैत्रिणींना सरळ. जो तो आपल्या ओळखीच्या चेहऱ्याला मत देत होता. आवाजाच्या बाबतीत आरसा म्हणजे आपली कवटी, आणि मित्रमंडळी ऐकतात तो आवाज रेकॉर्डिंगमधला.

पण गंमत पुढे आहे. सुझन ह्यूज यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना बरेच आवाज ऐकवून ते किती आकर्षक वाटतात ते विचारलं. त्यात त्यांचा स्वतःचा आवाजही मिसळलेला होता, आणि ते त्यांना सांगितलेलं नव्हतं. लोकांनी आपल्या आवाजाला इतरांनी दिले त्यापेक्षा जास्त गुण दिले! म्हणजे नाक मुरडायला निमित्त लागतं ते ‘हा मी आहे’ या जाणिवेचं. त्या जाणिवेसोबत अपेक्षा येतात आणि अपेक्षांसोबत निराशा.

रेडिओवर बोलणारे, डबिंग करणारे, आपला रियाज रेकॉर्ड करून ऐकणारे गायक यांना सुरुवातीला हाच त्रास होतो. मात्र त्यांना ऐकणं टाळता येत नाही, त्यामुळे पुन्हा पुन्हा ऐकून तो आवाज ओळखीचा होतो. मग कान त्याच्या किनरेपणात अडकत नाही. श्वास कुठे तुटला, वाक्याचा शेवट कुठे गिळला, निषाद कुठे उतरला, हे टिपत राहतो.