पेरू ताटातच वाढा

थंडी पडली आणि हातगाड्यांवर पेरूचे ढीग दिसू लागले, की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप फिरतो: फळं रिकाम्या पोटीच खावीत, जेवणाबरोबर खाल्ली तर ती पोटात कुजतात. यंदा तो माझ्या आत्यानं पाठवला. तिची सून दुपारच्या डब्यात पेरू नेत असे, तो तिनं आता संध्याकाळवर ढकललाय. या सुनेचं हिमोग्लोबिन कमी आहे, म्हणून मला राहवलं नाही.

कुजण्याचा मुद्दा दोन ओळींत संपतो. जठरातल्या आम्लाचा सामू (pH, हा आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) दीड-दोनपर्यंत उतरतो. फळ कुजवणारे जीवाणू तिथे तग धरत नाहीत, आणि जेवण काही तासांत पुढे आतड्यात सरकतं. फळ आधी खा, नंतर खा, पोटात कुजत काही नाही.

खरं नुकसान वेगळंच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक असली, तरी लोहाची कमतरता हे त्यातलं मोठं कारण. आता आपल्या ताटात लोह नसतं असं नाही. १०० ग्रॅम बाजरीत ६ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, शिवाय डाळी आहेत, पालेभाज्या आहेत. पण घरातली म्हातारी माणसं म्हणतात तसं, खाल्लेलं अंगी लागत नाही. भारतीय स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह घ्यायला सांगतात. आकडा इतका मोठा आहे, कारण आपल्या शाकाहारी जेवणातल्या लोहाचा अगदी थोडा भाग रक्तापर्यंत पोहोचतो.

का पोहोचत नाही? इथून पुढचं रसायनशास्त्र मला फार आवडतं, तेव्हा थोडं सोसून घ्या.

धान्य-भाज्यांतलं लोह बहुतांशी फेरिक रूपात असतं, म्हणजे तीन इलेक्ट्रॉन गमावलेलं. ओल्या तव्यावर चढलेल्या गंजात असतं तेच रूप. हा आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, आकारानं लहान आणि भारानं जबर. भोवतीच्या पाण्याच्या रेणूंमधल्या ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन तो स्वतःकडे इतक्या जोरानं ओढतो, की त्या रेणूंतले प्रोटॉन सुटून जातात आणि मागे हायड्रॉक्साइड उरतं. जठरातल्या तीव्र आम्लात प्रोटॉनची गर्दी असल्यानं हे होत नाही आणि लोह विरघळलेलं राहतं. पण जेवण आद्यांत्रात, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वीतभर भागात उतरलं, की स्वादुपिंडाचा रस आम्ल मारतो, सामू सहाच्या घरात जातो आणि फेरिक लोह साक्याच्या रूपात खाली बसू लागतं. त्यात भर फायटेटची. बियांमध्ये फॉस्फरस साठवणारा हा रेणू, त्याला सहा फॉस्फेट गट. सगळे ऋणभारित, त्यामुळे लोह दिसलं की घट्ट धरून बसतात.

आणि नेमकं याच वीतभर भागात लोह आत घेणारं मुख्य दार आहे. आतड्याच्या पेशींवरचं हे वाहक प्रथिन फक्त फेरस लोह, म्हणजे दोनच इलेक्ट्रॉन गमावलेलं लोह, आत घेतं. फेरिकला तिथे प्रवेश नाही. पेशींच्या पृष्ठभागावर फेरिकचं फेरस करणारं एक विकर (एन्झाइम) असतं, पण साका झालेलं किंवा फायटेटनं पकडलेलं लोह त्याच्या हाती फारसं लागत नाही.

आता पेरू आणा. १०० ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, संत्र्याच्या चौपट-पाचपट. हे क जीवनसत्त्व, म्हणजेच ॲस्कॉर्बिक आम्ल, दोन कामं करतं. एक, ते स्वतःचा इलेक्ट्रॉन फेरिकला देऊन टाकतं आणि त्याचं फेरस करतं. दोन, जठरातच लोहाशी जोडी जमवतं आणि पुढे सामू वाढला तरी त्याला विरघळलेलं ठेवतं, फायटेटच्या तावडीत जाऊ देत नाही. ही जोडी आम्लातच जमायला हवी, दोघं एकाच वेळी जठरात असतील तरच. दुपारी एक वाजताच्या भाकरीतलं बरंचसं लोह पाच वाजेपर्यंत त्या वीतभर भागातून पुढे निघून गेलेलं असतं. मग आलेल्या पेरूचं क जीवनसत्त्व शरीराला मिळतं, पण त्या भाकरीतल्या लोहाला त्याचा उपयोग नाही.

हे केवळ कागदावरचं रसायन नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी किशोरवयीन मुलांना भाताच्या जेवणासोबत पेरू दिला आणि लोहाचे समस्थानिक (वजनानं वेगळे, म्हणून माग काढता येणारे अणू) वापरून शोषण मोजलं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पेरूसह घेतलेल्या जेवणातलं लोहाचं शोषण दुपटीहून जास्त निघालं.

याउलट बीट आणि डाळिंब. लाल ते रक्त वाढवणारं, हा समज घराघरात पक्का आहे. बीटमध्ये १०० ग्रॅमला एक मिलिग्रॅमही लोह नसतं, डाळिंबात त्याहूनही कमी. त्यांचा लाल रंग वेगळ्या रंगद्रव्यांचा आहे, रक्ताशी त्याचं नातं नाही. गर्भवती बाईला रक्त वाढावं म्हणून ग्लासच्या ग्लास बीटचा रस पाजतात आणि दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या गोळ्या कपाटात पडून राहतात, हे पाहून वाईट वाटतं.

पेरू गोळ्यांना पर्याय नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. हिमोग्लोबिन बरंच उतरलं असेल तर गोळ्या लागतातच, आणि जंत, पाळीतला अतिरिक्त रक्तस्राव, बी-१२ ची कमतरता यांचा तपास डॉक्टरांनीच करायचा असतो. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांनी लोह वाढवण्याचे उपाय स्वतःच्या मनानं करू नयेत. पेरूनं सर्दी होते म्हणून मुलांना तो नाकारायचं मात्र काही कारण नाही. सर्दी विषाणूंमुळे होते.

बाजारात सरदार पेरू मिळाला तर उत्तम. त्याचं दुसरं नाव लखनौ-४९, पण हे वाण निवडलं गेलं पुण्याच्या गणेशखिंडीत, १९२७ साली. पेरू सोलू नका, क जीवनसत्त्व सालीत आणि सालीलगतच्या गरात सगळ्यात जास्त असतं. शिजवूही नका, उष्णतेनं ते नष्ट होतं. जेवणानंतर लगेच चहाही नको, त्यातली टॅनिनं लोहाला धरून ठेवतात. तास-दीड तास थांबा.

आत्याला मी कोशिंबीर सुचवली आहे: पेरू जेवायला बसताना चिरायचा, मीठ, चिमूटभर साखर, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि वर लिंबू. दही घालायचं नाही, कारण दह्यातलं कॅल्शियम लोहाच्या शोषणात आडवं येतं.