ऑपरेटिंग सिस्टिमपूर्वीची रेड मांडणी

सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टिम टाकण्याआधी दोन किंवा अधिक डिस्क जोडून त्यांची एकच डिस्क भासेल अशी रचना करणे, म्हणजे रेड (RAID) मांडणी. डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या बर्कलीच्या संशोधकांनी १९८८ च्या निबंधात रेडच्या पातळ्या, म्हणजे डेटा डिस्कवर वाटण्याच्या क्रमांकित पद्धती, मांडल्या. नावातल्या ‘आय’चा अर्थ तेव्हा ‘स्वस्त’ असा होता. पुढे व्यवसायाने त्याचा ‘स्वतंत्र’ करून टाकला. किमती पाहता ते बरेच झाले.

हे काम आधी करण्याचे कारण साधे आहे. अ‍ॅरे, म्हणजे असा जोडलेल्या डिस्कचा संच, बांधताना डिस्कवरचा जुना डेटा सहसा जातो, आणि मशीन सुरू व्हायचे तेही त्याच अ‍ॅरेवरून. हार्डवेअर कंट्रोलर (डिस्क सांभाळणारा वेगळा भाग) असेल तर मशीन चालू होताना पडद्यावर क्षणभर दिसणारी कळ दाबून, किंवा युईएफआयच्या (मशीन सुरू करणाऱ्या अंगभूत सॉफ्टवेअरच्या) सेटिंगमधून, त्याचा मेनू उघडतात; डिस्क निवडतात, पातळी ठरवतात आणि तयार झालेली एकत्रित ‘व्हर्च्युअल डिस्क’ इनिशियलाइझ करतात, म्हणजे वापरासाठी सज्ज करतात. ४ टीबीच्या चार डिस्क असतील तर रेड ५ मध्ये एका डिस्कइतकी जागा बचावासाठी जाऊन १२ टीबी हाती लागतात, रेड ६ आणि रेड १० मध्ये दोन डिस्कइतकी जाऊन ८. रेड ५ ची युक्ती एक्सॉरची (एकांची संख्या विषम असेल तर १, सम असेल तर ०): तीन डिस्कवर १, ०, १ असे बिट असतील तर चौथीवर पॅरिटी, म्हणजे त्यांचा एक्सॉर, ० पडते. मधली डिस्क मेली, तरी उरलेल्या १, १, ० यांचा एक्सॉर ०, म्हणजे तिच्यावरचा हरवलेला बिटच, येतो.

विंडोजच्या इन्स्टॉलरला एकही डिस्क दिसली नाही, तर बहुधा कंट्रोलरचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो. एक्सपीच्या काळी त्यासाठी एफ-६ दाबून फ्लॉपी घालावी लागे.

लिनक्सवर एमडीएडीएम हे सॉफ्टवेअर वापरून कंट्रोलरशिवायही अ‍ॅरे बांधता येतो, पण खरी गोची बूटची, म्हणजे मशीन सुरू होण्याची. युईएफआयला असा अ‍ॅरे कळत नाही. ते नुसते फॅट पद्धतीचे साधे विभाजन (डिस्कचा भाग) शोधते. म्हणून ईएफआय विभाजनाची, म्हणजे सुरू होण्याच्या फाइली असलेल्या या विभाजनाची, प्रत प्रत्येक डिस्कवर ठेवतात, किंवा त्याचा रेड १ (डिस्कवर एकसारख्या प्रती) करून अ‍ॅरेची नोंद, म्हणजे मेटाडेटा, विभाजनाच्या शेवटी लिहितात, म्हणजे युईएफआयला ते साधे फॅट विभाजनच दिसते. युईएफआयच्या आधीच्या जुन्या बायोसवर, दोन डिस्कचा रेड १ असेल तर, ग्रब (लिनक्स सुरू करणारा प्रोग्राम) दोन्ही डिस्कवर टाकावा लागतो. तो एकीवरच राहिला आणि नेमकी तीच गेली, तर दुसरीवर सगळा डेटा शाबूत असूनही मशीन उठत नाही. त्यामुळे खरी माहिती भरण्याआधी मशीन बंद करून पहिल्या डिस्कची केबल काढावी आणि ते सुरू होते का ते पाहावे.