दात पांढरे करण्याचे घरगुती उपाय : पार्श्वभूमी

कोळशाची पूड, मीठ, लिंबू आणि खाण्याचा सोडा हे पदार्थ पुण्यातील घरांना नवे नाहीत. नवी आहे ती त्यांनी दात पांढरे करावेत ही अपेक्षा. जुन्या काळी दात स्वच्छ व मजबूत असावेत एवढेच मागणे होते, आणि सवाष्ण स्त्रियांनी दातवण लावून दात मुद्दाम काळे करणे हे तर एके काळी महाराष्ट्रात शोभेचे मानले जाई. कडुनिंब-बाभळीच्या काड्या, गोवरीची राखुंडी आणि मीठ-तेल यांचा काळ सर्वांना परिचित आहे. त्याविषयी एवढेच नोंदवावे, की राखेत वाळूचे कण असतात आणि वाळू दाताच्या एनॅमलपेक्षा, म्हणजे वरच्या कठीण थरापेक्षाही, कठीण असते. घासल्यावर वरचा डाग निघतो व दात लगेच उजळलेला दिसतो. मात्र वर्षानुवर्षे तसे घासल्यास एनॅमल झिजते, खालचे मुळातच पिवळसर असलेले डेंटिन दिसू लागते आणि झिजलेले एनॅमल पुन्हा वाढत नाही. पांढरेपणासाठी घासणाऱ्याचे दात पिवळे होतात, ते असे.

या इतिहासातील सर्वांत वादग्रस्त टप्पा मिश्रीचा आहे. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू कुटून दातांना लावण्याची सवय गावांतून शहरांत आली. तपकीरही त्याच कामी येत असे. तंबाखू घातलेली तयार दंतमंजने बाजारात होती आणि त्यांतील काही आयुर्वेदिक औषध म्हणून परवाना घेऊन विकली जात. १९९२ मध्ये केंद्र सरकारने दंतमंजन व टूथपेस्ट यांत तंबाखू वापरण्यावर बंदी घातली. व्यवसायाच्या स्वातंत्र्यावर ही गदा आहे, अशी उत्पादकांची तक्रार होती. प्रकरण न्यायालयाच्या शेवटच्या पायरीपर्यंत गेले आणि १९९७ मध्ये तेथेही बंदी कायम राहिली.

विडी-सिगारेट उघड विकली जात असताना बंदी दंतमंजनावरच का, हा प्रश्न वरवर पाहता रास्त वाटतो. परंतु विडी घेणाऱ्याला आपण तंबाखू घेत आहोत हे ठाऊक असते, तर मंजन घेणारा ते दातांच्या भल्यासाठी घेतो आणि घरातील मुलांच्या हातीही तेच देतो. हा फरक लक्षात घेतला, तर निर्णय योग्यच होता. त्याची खरी उणीव वेगळीच आहे. सुटी तंबाखू तंबाखू म्हणूनच विकली जात असल्याने ती घरी आणून भाजणाऱ्याला या बंदीचा स्पर्श झाला नाही. कायद्याने डबी गेली, तवा राहिला. शिवाय बंदी एका घटकापुरती होती. गेरू घातलेली लाल मंजने चालूच राहिली, आणि मंजन किती खरखरीत आहे याकडे घेणाऱ्याचे लक्ष गेले नाही ते नाहीच. मिश्री सुटलेल्या माणसाच्या दातांवर तपकिरी डाग मात्र उरले, आणि ते काढण्याचा त्याला ठाऊक असलेला मार्ग अधिक जोराने घासणे हाच होता.

न घासता दात उजळण्याची रीत दुसरीकडून आली. हायड्रोजन पेरॉक्साइड या रंग घालवणाऱ्या रसायनाचा शोध १८१८ मधला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दंतवैद्य त्याचा वापर करू लागले. १९६० च्या दशकात अमेरिकेत हिरड्यांसाठी दिलेले पेरॉक्साइडयुक्त जंतुनाशक रात्रभर दातांवरील साच्यात राहिले आणि दात उजळलेले आढळले. त्यावरून १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची जेल रुग्णाच्या मापाच्या पातळ ट्रेमध्ये घालून रात्री वापरण्याची पद्धत १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. या जेलमधून साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते आणि ते एनॅमलमध्ये शिरून रंगीत रेणू तोडते. युरोपात २०११ च्या नियमानुसार ०.१ टक्क्यापर्यंतचे पेरॉक्साइडच खुलेपणाने विकता येते. त्यापुढे ६ टक्क्यांपर्यंतचे पहिल्यांदा दंतवैद्याच्या देखरेखीखालीच वापरावे लागते, आणि अठरा वर्षांखालील मुलांना ते देता येत नाही.

गेल्या दशकात मात्र गाडी पुन्हा राखुंडीकडे वळली. कोळशाच्या काळ्या पेस्ट महागड्या वेष्टनात आल्या. त्यांच्या सुरक्षिततेचा व परिणामाचा पुरेसा पुरावा नाही, असे २०१७ च्या एका समीक्षेत नमूद झाले. लिंबू तर त्याहून वाईट, कारण एनॅमल साधारण ५.५ पीएचखाली (पीएच हे आम्लतेचे माप; तो जितका कमी, तितके आम्ल तीव्र) विरघळू लागते आणि लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास असतो. खाण्याचा सोडा त्या मानाने सौम्य आहे, पण तोही वरचेच डाग काढतो. काही पेस्टमधील निळसर रंग कपड्यांच्या निळीसारखे काम करतो. पिवळेपणा जात नाही, झाकला जातो.

खर्चाच्या दृष्टीने पाहिले, तर चहा, पान आणि मिश्रीचे डाग वरचे असतात, आणि किटणासह ते काढण्यासाठी स्केलिंग, म्हणजे दंतवैद्याकडून होणारी दातांची सफाई, सहसा पुरते. पुण्यात धनकवडी, कॅम्प आणि पिंपरी भागांतील दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत ते खासगी दवाखान्यापेक्षा कमी खर्चात होऊ शकते. त्यानंतर मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट आणि चहानंतर पाण्याची चूळ एवढ्यावर बहुतेकांचे भागते. त्याहून उजळपणा हवाच असल्यास दंतवैद्याने मापाची ट्रे करून द्यावी. ट्रे एकदाच करावी लागते आणि पुढे फक्त जेल घ्यावी लागते. दात काही दिवस शिवशिवतात. कीड असल्यास ती आधी भरून घ्यावी लागते, आणि जुन्या फिलिंगचा वा कॅपचा रंग जेलने बदलत नाही.

यवतमाळ, नांदेड अशा जिल्ह्यांतून पुण्यात आलेल्यांपैकी काहींच्या दातांवरील तपकिरी पट्टे बोअरच्या पाण्यातील जास्त फ्लोराइडचे असतात. ते दात घडत असतानाच एनॅमलमध्ये उतरलेले असल्याने त्यांवर कोळसा, राख वा सोडा घासणे व्यर्थ आहे. दंतवैद्याच्या देखरेखीखाली जेल अनेक आठवडे वापरल्यास ते काही अंशी फिके पडू शकतात.