सोन्याच्या वर्खावरून परतलेले कण

१९०९ साली मँचेस्टर विद्यापीठातील एका अंधाऱ्या खोलीत हान्स गायगर आणि त्यांच्याबरोबर काम करणारा वीस वर्षांचा विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडेन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून प्रकाशाचे ठिपके मोजत बसत. अल्फा कण, म्हणजे किरणोत्सारी पदार्थातून वेगाने बाहेर पडणारा धनप्रभारित कण, झिंक सल्फाइडच्या पडद्यावर आदळला की क्षणभर अंधूक चमक उठे आणि ती दिसावी म्हणून डोळे आधी अंधाराला सरावू द्यावे लागत.

अणूत ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन असतात, हे जे. जे. थॉमसन यांच्या १८९७ मधील शोधामुळे ठाऊक झाले होते; धनप्रभार मात्र अणूभर पसरलेला असावा, अशी समजूत होती. तसे असते, तर सोन्याच्या पातळ वर्खावर सोडलेले वेगवान अल्फा कण वाट किंचित वाकडी करून आरपार गेले असते. बहुतेक गेलेही; पण थोडे चक्क माघारी फिरले. सोन्याऐवजी प्लॅटिनम वापरून केलेल्या मोजणीत हे प्रमाण सुमारे ८,००० कणांमागे एक भरले. एवढ्या अल्प संख्येकडे चूक म्हणून काणाडोळा करणे सोपे होते. त्यांच्या प्रयोगशाळेचे प्रमुख अर्नेस्ट रदरफर्ड यांनी तसे केले नाही आणि अणूचे जवळजवळ सारे वस्तुमान एका अतिसूक्ष्म केंद्रात एकवटलेले असते, असा निष्कर्ष १९११ साली मांडला.

हे केंद्र किती लहान? सोन्याचे अणुकेंद्र दोन मिलिमीटरच्या मोहरीएवढे मानले, तर अणूचा व्यास सुमारे ४० मीटर भरेल. पाठ्यपुस्तकातील आकृतीत केंद्र लिंबाएवढे काढतात, तो नाइलाज आहे. खऱ्या प्रमाणात काढले तर ते दिसणारच नाही. त्या मोहरीत ७९ प्रोटॉन आणि ११८ न्यूट्रॉन दाटीने बसलेले असतात, तर बाहेरच्या ७९ इलेक्ट्रॉनांपैकी प्रत्येकाचे वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे १,८३६ व्या भागाएवढेच असते. प्रभार नसल्यामुळे न्यूट्रॉन बराच काळ हुलकावणी देत राहिला. जेम्स चॅडविक यांनी तो १९३२ साली शोधला.

पुढे कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे १९६० च्या दशकाच्या अखेरीस हीच युक्ती, या वेळी इलेक्ट्रॉनांचा मारा करून, प्रोटॉनवर वापरली गेली आणि इलेक्ट्रॉन अपेक्षेपेक्षा मोठ्या कोनांतून विखुरले. प्रोटॉनच्या आतही बिंदूसारखे कण होते. त्यांनाच आपण क्वार्क म्हणतो. प्रोटॉनमधील तीन मुख्य क्वार्कांच्या वस्तुमानांची बेरीज प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या जेमतेम एक टक्का होते. उरलेले बहुतांश वस्तुमान क्वार्कांची गती आणि त्यांना जखडून ठेवणारे तीव्र बल यांच्या ऊर्जेतून येते.