'फॉरमॅट करायचं का?' याला लगेच हो म्हणू नका

म्युझिक प्लेअर चार्ज होतोय, पण संगणकावर दिसत नाही? मग पहिला संशय केबलवर घ्या. यूएसबी २.० केबलमध्ये मुळात चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. काही स्वस्त चार्जिंग केबलींत माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. प्लेअर जोडल्याची वर्दी संगणकाला मिळते ती यांतल्याच एका तारेवरचं व्होल्टेज चढल्यामुळे. तारच नाही, तर संगणकाच्या लेखी कुणी आलेलंच नाही. मग ड्रायव्हर, म्हणजे प्लेअर ओळखणारं सॉफ्टवेअर, कितीही शोधा!

हार्डडिस्कवाला जुना प्लेअर हबवर, म्हणजे एका पोर्टचे अनेक करणाऱ्या डबीवर, लावू नये; त्याला वीज जास्त लागते. स्वतःचा वीजपुरवठा नसलेला हब एका पोर्टला १०० मिलिअँपिअरच देतो, संगणकाचा यूएसबी २.० पोर्ट ५०० देऊ शकतो.

खरी धडकी भरते ती प्लेअर दिसतो आणि विंडोज 'फॉरमॅट करायचं का?', म्हणजे डिस्क कोरी करून नव्याने मांडायची का, असं विचारतं तेव्हा. याचा अर्थ गाणी गेली असा नाही. डिस्कवरची मांडणी, म्हणजे फाइली ठेवण्याची पद्धत, विंडोजला वाचता आली नाही, इतकाच. ॲपलचा पहिला आयपॉड २००१ मध्ये आला तो फक्त मॅकसाठी, एचएफएस प्लस मांडणीचा. विंडोजला ती आपणहून वाचता येत नाही. म्हणून २००२ मध्ये विंडोजसाठीचा आयपॉड फॅट३२ मांडणीत आला, जी मॅकलाही वाचता येते. मॅकवरचा आयपॉड विंडोजला लावून 'हो' म्हटलं, की धडधाकट गाणी गायब!

गायब म्हणजे पुसली गेली असंही नाही. क्विक फॉरमॅट (झटपट प्रकार) फक्त कुठली फाइल कुठे आहे याची अनुक्रमणिका कोरी करतो, पानं, म्हणजे गाणी, बहुधा तशीच राहतात. चुकून झालंच, तर प्लेअरवर नवीन काही भरू नका. रिकव्हरी सॉफ्टवेअरला वाव राहतो. कॉपी चालू असताना केबल ओढल्यानेही ही अनुक्रमणिका बिघडते. तेव्हा गाणी वाचता येत असतील तर आधी उतरवून घ्या, मग चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी सोय, चालवा.

फॉरमॅट करावाच लागला, तर प्लेअरच्या मेन्यूतली सोय उत्तम. संगणकावरून करताना एनटीएफएस ही विंडोजची मांडणी टाळा. बरेच प्लेअर ते वाचत नाहीत. ६४ जीबीच्या मेमरी कार्डाला विंडोजची फॉरमॅटची नेहमीची खिडकी वर्षानुवर्षं फॅट३२ चा पर्यायच देत नसे, एक्सफॅट हे नवं रूप पुढे करी. ते आलं २००६ मध्ये, त्याआधीच्या प्लेअरला कुठून कळणार?

आणि गाणी उलटसुलट क्रमाने वाजू लागली, तर प्लेअर बिघडलेला नाही. फॅट मांडणीत नावं अकारविल्हे लागत नाहीत, साधे प्लेअर ज्या क्रमाने फाइली भरल्या त्याच क्रमाने वाजवतात. हव्या त्या क्रमाने पुन्हा कॉपी करा.